पिस्तुलाचं पान मांडणारे भाऊजी

भाऊजींच्या वर्गात "मला वाटतं" असं म्हणायला बंदी होती. "सर, आय थिंक एम्प्टी," असं कुणी म्हणालं की ते हातातलं काम थांबवायचे आणि दाराकडे बोट दाखवायचे. "'वाटतं' तिकडे ठेवून या. छत्र्यांबरोबर. इथे आत दोनच गोष्टी. बघितलं, नाहीतर नाही बघितलं." हे सगळं इंग्रजीत चालायचं, पण ते इंग्रजी कुठल्या चुलीवर शिजलंय हे मला बरोबर कळायचं. एकदा एका मोठ्या बँकेतला साहेबमाणूस, सिंगापुरातल्या पाया लेबार भागात ऑफिस असलेला, कडक इस्त्रीतला, खरोखर उठून दारापर्यंत जाऊन आला. आम्ही हसलो. भाऊजी हसले नाहीत.

आता पिस्तूल म्हटल्यावर दचकू नका. सिंगापुरात घरात पिस्तूल ठेवायचा विचारसुद्धा कुणी करत नाही. पण नेमबाजीचा खेळ आहे, त्याचे क्लब आहेत, आणि पिस्तुलं असतात ती क्लबच्या कुलपात. तिथेच घ्यायची, तिथेच चालवायची, तिथेच परत द्यायची. भाऊजी शिकवायचे ते चालवायला नव्हे. ते शिकवायचे पिस्तूल उघडायला, पुसायला, तेल द्यायला आणि पुन्हा जोडायला. हौशी लोकांसाठी सहा शनिवारांचा वर्ग. सहा टेबलं, सहा पिस्तुलं, आणि भिंतीवर त्यांच्या हस्ताक्षरातला एकच कागद: माझ्यावर विश्वास ठेवू नका.

मी सदुसष्ट वर्षांची बाई तिथे कशी पोचले, ते सांगते. माझी नात शाळेत एअर पिस्तूल खेळायची. मुलगा आणि सून दोघंही ऑफिसात, म्हणून तिच्याबरोबर क्लबात जायचं काम माझ्याकडे. वर्षभरात तिचं मन नाचाकडे गेलं. "आजी, शूटिंग सो बोअरिंग लाह," म्हणाली आणि मोकळी झाली. मी मात्र तोवर तिथल्या कॅन्टीनच्या बाकाला, रेंजमधून येणाऱ्या त्या टप्प टप्प आवाजाला आणि भाऊजींच्या खोलीतल्या तेलाच्या वासाला सरावले होते. नात सुटली, मी अडकले. आमच्या ह्यांनी विचारलं, "तिथे जाऊन तू काय करणार?" मी म्हटलं, "शिवणाचं मशीन चाळीस वर्षं मीच उघडते ना? मग?"

भाऊजी म्हणजे माझे सख्खे कुणी नव्हेत. मंडळाच्या गणपतीतली ओळख, ह्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, आणि आमच्याच हौगांगमध्ये चार ब्लॉक पलीकडे राहायचे. मला वहिनी म्हणायचे. पण वर्गाच्या पहिल्या दिवशी मी सवयीने "भाऊजी, हे इथे ठेवू का?" विचारलं तर म्हणाले, "इथे भाऊजी नाही आणि वहिनी नाही. तुम्ही टेबल नंबर चार."

"आणि तुम्ही?"

"मी चूक करू शकणारा म्हातारा."

जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात पंपांची देखभाल करण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. पहाटे कंपनीची बस, गळ्यात पास, संध्याकाळी परत. निवृत्त झाल्यावर क्लबाने त्यांना पिस्तुलांच्या देखभालीसाठी बोलावलं, रीतसर शिकवून परवानगीचा पास दिला, तेव्हापासून ते तिथले. गंमत अशी की ह्या माणसाने स्वतः हौसेने एक गोळी कधी उडवली नाही. "आवाज आवडत नाही मला," म्हणायचे. "पंप चालू झाला की मी निघून जायचो. चालू झालेल्या यंत्रात काय बघायचंय? ते बंद असताना बोलतं." आणि पिस्तुलाशी ते खरंच बोलायचे, अगदी मराठीत. "चला बाईसाहेब, उघडा आता. काय एवढं तेल प्यायलात? कुणी पाजलं?"

तेल पाजणारी बहुतेक मीच असायची. माझा हात सढळ. ते मागे येऊन उभे राहायचे. "टेबल चार, ही फोडणी नाही. एक थेंब."

पुसायला ते घरून कापडाचे चौकोन कापून आणायचे, आपल्या जुन्या बनियनचे. क्लबाने विकतचे पांढरेशुभ्र तुकडे मागवले होते, ते त्यांनी एका बोटाने बाजूला सारले. मी माझी एक विरलेली सुती साडी नेऊन दिली तेव्हा तिची घडी उलगडून, बोटांत चुरून बघितली आणि म्हणाले, "हिला म्हणतात कापड." तेवढं कौतुक मला त्या वर्गात दुसऱ्या कशाबद्दल मिळालं नाही.

पण त्यांची खरी करामत होती ती पान मांडण्याची. पिस्तूल उघडलं की बारीकसारीक आठ-दहा तुकडे होतात, आणि एखादी टाचणीएवढी पिन घरंगळली की झालं. म्हणून भाऊजींनी नियम केला होता: जेवणाचं पान वाढतात तसे तुकडे मांडायचे. समोर हिरवा रुमाल. पिन म्हणजे मीठ, ती वर मधोमध. स्प्रिंग डावीकडे, चटणीच्या जागी. नळी मधे, भात. वरचं सरकणारं झाकण, ज्याला स्लाइड म्हणतात, ते उजवीकडे भाजीच्या जागी. डोळे मिटून हात नेला तरी मीठ कुठे हे कळलं पाहिजे. आता ह्या चिनी आणि मलय मंडळींनी आपलं वाढलेलं पान कधी बघितलंय? पण तिसऱ्या शनिवारपर्यंत सगळ्यांना पाठ. तो बँकेतला साहेब टेबलाखाली वाकून ओरडायचा, "सर! माय मीठ! माय मीठ ड्रॉप्ड!" आणि माझ्या शेजारच्या टेबलावरची सिती, मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती ती, मला हळूच विचारायची, "आंटी, चटनी लेफ्ट ऑर राइट आह?"

आमच्या सितीला ते फार मानायचे. कारण ती कुणाचं ऐकून विश्वास ठेवायची नाही. "वॉर्डमध्ये सवय आहे सर," म्हणाली. "औषध डॉक्टरने दिलं तरी लेबल मी वाचते." भाऊजींनी त्या दिवशी तिला स्वतः कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणून दिली.

ह्या सगळ्याच्या मुळाशी त्यांचा डावा हात होता. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी भाजून चुरगळलेल्या कागदासारखी झालेली. कुणी विचारलं तर आडपडदा न ठेवता सांगायचे. तरुणपणी कोकणातल्या एका कारखान्यात होते. पंप उघडायचा होता. त्यांचे साहेब, वयाने मोठे, ज्यांनी त्यांना बोटाला धरून काम शिकवलं, ते म्हणाले, लाइन बंद केली आहे. "साहेबांनी सांगितल्यावर पुन्हा व्हॉल्व्ह फिरवून बघायचा म्हणजे साहेबांना खोटं पाडायचं. मी नाही बघितला. लाइन बंद नव्हती." मग म्हणायचे, "साहेब हॉस्पिटलात रडले माझ्यापाशी. त्यांच्या रडण्याने हात सरळ झाला नाही."

म्हणून वर्गात जोडीचा नियम होता. पिस्तूल हातात घेतलं की मॅगझिन, म्हणजे मुठीतला गोळ्यांचा डबा, काढायचं, स्लाइड मागे खेचायची आणि नळीच्या मागच्या तोंडाशी जिथे गोळी बसते ती जागा, चेंबर, डोळ्यांनी बघायची. मग शेजाऱ्याला दाखवायची. शेजाऱ्याने बघून मोठ्याने "क्लिअर" म्हणायचं. त्यानंतरच पुढचं काम. भाऊजी स्वतः समोर करून दाखवायचे तेव्हा त्यांचा शेजारी म्हणून टेबल चार, म्हणजे मी. माझं टेबल त्यांना लागून होतं.

वर्ग संपला की आम्ही दोघं एकाच वाटेने घरी यायचो. आधी बस, मग एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो. वाटेत हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, थांबायचं ठरलेलं. तिथल्या थोसाईच्या, म्हणजे डोशाच्या, सांबाराला ते दर शनिवारी नावं ठेवायचे आणि दर शनिवारी वाटी पुसून खायचे. त्यांच्या मिसेस जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी मेलबर्नला, ती सारखी बोलवायची. एकदा मी म्हटलं, "जात का नाही? तिथे नातवंडं आहेत, बाग आहे." तर म्हणाले, "तिथे शनिवार नाही, वहिनी." क्लबाच्या बाहेर आलं की मी परत वहिनी व्हायचे. "इथे सहा दिवस मी फ्लॅटमध्ये घड्याळ बघतो. सातव्या दिवशी सहा माणसं माझं ऐकतात. तेवढ्यावर चाललंय."

फेब्रुवारीतली गोष्ट. तिथेच, हॉकर सेंटरला. त्यांनी कोपीचा पेला टेबलावर ठेवला तो अर्धा कडेच्या बाहेर. पेला खाली, कोपी माझ्या चपलांवर. मी म्हटलं, "अहो, होतं असं." पण मी बघत होते. काही आठवडे माझ्या लक्षात आलं होतं की ते माझ्याशी बोलताना मान तिरकी करतात, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. पिन लावताना डोळे भलतीकडेच असायचे, सगळं काम बोटांवर चालायचं. मी सरळ विचारलं, "भाऊजी, दिसतं ना नीट?"

ते टिश्यूने टेबल पुसायला लागले. मग म्हणाले, "उजव्या डोळ्याला मधोमध डाग आलाय. कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. डॉक्टर इंजेक्शनं देताहेत. डावाही त्याच वाटेवर आहे म्हणतात."

"क्लबात सांगितलंत?"

"सांगितलं की पास गेला. वहिनी, ही बॅच संपू दे. संपली की मीच सांगतो. तुम्ही बोलू नका कुठे."

मी "बरं" म्हटलं. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही, आणि आमचं लग्न झाल्यापासून ह्यांच्यापासून मी लपवलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ती बॅच मार्चच्या सुरुवातीला संपली. एप्रिलमध्ये नवी सुरू झाली. मी पुन्हा नाव घातलं, सितीने आणि त्या बँकेतल्या साहेबानेही घातलं, आणि भाऊजी नेहमीसारखे पुढे उभे. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिरकी मान करून, आणि नजर काढून घेतली. मी काही बोलले नाही. आपला माणूस आहे, त्याचा शनिवार कशाला हिसकावून घ्या, असं मनाशी म्हणायची. बोटांनी तर सगळं येतंय त्यांना.

मे महिन्यातला तो शनिवार. सकाळी रेंजवर कुणीतरी नेम मारत होतं, एक गोळी उडालीच नाही. होतं असं, गोळी कधी फुसकी निघते. त्या माणसाने मॅगझिन काढलं आणि आत काही राहिलेलं नाही असं समजून पिस्तूल परत केलं. ज्याने घेतलं तोही तसंच समजला. ते पिस्तूल आमच्या वर्गात आलं. भाऊजींनी उचललं, स्लाइड मागे खेचली, डोळ्यांपाशी नेलं, म्हणाले, "क्लिअर." मग नियमाप्रमाणे माझ्यापुढे धरलं.

खोटं कशाला सांगू, मी बघितलं नाही. नजर त्या दिशेला केली एवढंच. तिथे माझं काय चाललं होतं हे मी त्यानंतर पुष्कळदा मनाशी उलगडून बघितलंय. मला त्यांच्या डोळ्याचं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी बघितलं नाही. वर्गासमोर मी वाकून, चष्मा सारखा करून त्यांच्या हातातलं पिस्तूल न्याहाळायला लागले तर त्यांना वाटेल, ही आता मला तपासतेय. एवढ्या मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर तसं करायचं मला जमलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "क्लिअर."

त्यांनी पिस्तूल सितीकडे दिलं, धरायला. सितीने हातात घेतल्या घेतल्या नळी भिंतीकडे केली आणि आत वाकून बघितलं. तिचा आवाज चढला नाही, अगदी वॉर्डातल्यासारखा. "सर, देअर इज ब्रास इनसाइड."

पितळ, म्हणजे गोळी, स्लाइड ओढूनही बाहेर न पडता आत अडकून बसलेली. फुसकी असो की खरी, वर्गाच्या खोलीत गोळी.

काही झालं नाही. कुणाला इजा नाही, आवाज नाही. सितीने पिस्तूल तसंच भिंतीकडे धरून ठेवलं, रेंजवरचा अधिकारी धावत आला, गोळी काढली, खोली बंद केली. बँकेतला तो साहेब कपाळ पुसत म्हणाला, "वा लाऊ, अंकल," म्हणजे आपलं अरे बापरे. भाऊजी खुर्चीत बसले होते आणि हाताने रुमालावरचं मीठ चाचपत होते, सापडत नव्हतं, कारण पान अजून मांडलंच नव्हतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या ऑगस्टमध्ये ते मेलबर्नला गेले. त्यांच्या फ्लॅटमधलं सामान आवरायला आमचे हे गेले होते, मी डबा घेऊन गेले होते. आता दर शनिवारी दुपारी त्यांचा फोन येतो. नातवाची सायकल उघडली, शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन उघडलं, असं काहीबाही सांगतात. सगळं हातानं. तिथलं सांबार इथल्यापेक्षा वाईट आहे म्हणतात. वर्ग क्लबाने दुसऱ्या माणसाला दिला. चांगला आहे, तरुण आहे, तुकडे प्लास्टिकच्या खणांच्या डबीत ठेवायला लावतो. मी एक शनिवार गेले, मग गेले नाही.

पण मला सांगायचंय ते त्या घटनेनंतरच्या गुरुवारचं. क्लबाच्या कमिटीने आम्हा तिघांना बोलावलं होतं. अध्यक्ष मिसेस टॅन, निवृत्त शिक्षिका, समोर कागद. वाईट बाई नव्हती. भाऊजींवर तिचा जीव होता, म्हणूनच तिला वाट काढायची होती. रेंजवरची चूक आधीच लिहून झाली होती. सितीने जे झालं ते चार वाक्यांत सांगितलं. मग मिसेस टॅन माझ्याकडे वळल्या. "आंटी, यू सेड क्लिअर. डिड यू लुक?"

येताना एमआरटीत मी ठरवलं होतं, "बघितलं, पण चष्मा धुरकट होता" असं म्हणायचं. म्हणजे चूक दोघांत वाटली जाईल. म्हातारी बाई, चष्मा, कुणी रागावणार नाही. तोंड उघडलं आणि शेजारी भाऊजींचा तो डावा हात टेबलावर दिसला.

"नो," मी म्हटलं. "आय डिड नॉट लुक."

"व्हाय नॉट?"

आता हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हटलं, ही इज एल्डर. आमच्यात मोठ्या माणसाचं काम पुन्हा तपासत नाहीत. मिसेस टॅन चिनीच, त्यांनी मान डोलावली. त्यांना ते न सांगताही कळलं असावं. त्या भाऊजींना म्हणाल्या, "आणि सर, तुम्हाला कसं नाही दिसलं? दमला होतात का? त्या दिवशी प्रकाश कमी होता का?"

बघा, दारच उघडून दिलं होतं बाईने. भाऊजी म्हणाले, "टायर्ड. मेबी."

मेबी. म्हणजे "वाटतं"! त्या माणसाच्या तोंडून! मी थांबले. म्हटलं, आता सांगतील. बॅच संपली की सांगतो म्हणाले होते, आता तर गोळी निघाली. मिसेस टॅननी कागदावर "टायर्ड" लिहिलं, मला उलटं दिसत होतं. दोन आठवडे विश्रांती घ्या म्हणाल्या, मग पुन्हा सुरू करा. भाऊजींनी मान हलवली. सिती माझ्याकडे बघत होती. ती नर्स. मला वाटतं, नाही, नक्कीच, तिलाही काहीतरी कळलं होतं, पण मला तीन महिन्यांपासून ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "मॅडम, हिज राइट आय. मधलं दिसत नाही त्यांना. डावाही जातोय. मला फेब्रुवारीपासून माहीत आहे."

मिसेस टॅननी पेन खाली ठेवलं. भाऊजींनी माझ्याकडे मान वळवली नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून क्लबाचा पास काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "शी इज करेक्ट."

आम्ही दोघं लिफ्टमध्ये शिरलो. सिती मागे सही करायला थांबली होती. मला वाटलं, ते आता जन्मभर माझ्याशी बोलणार नाहीत. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "भाऊजी, मला माफ करा. सगळ्यांसमोर असं…"

"सगळ्यांसमोरचं काही नाही," ते म्हणाले. आवाज वर्गातला होता, हॉकर सेंटरमधला नव्हे. "हे फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं तुम्ही."

मला एकदम राग आला. डोळ्यांत पाणीही आलं. "अहो, तुम्हीच म्हणालात ना, बोलू नका म्हणून!"

"म्हणालो," ते म्हणाले. त्यांनी चाचपत तळमजल्याचं बटण दाबलं, ते मी आधीच दाबलेलं होतं. "आणि तुम्ही ऐकलंत."